आधी गप्प असलेल्याकडे

रणांगणावर जखमींना सांभाळणाऱ्या जवानाला, म्हणजे मेडिकला, प्रशिक्षणात एक गोष्ट शिकवतात, ती ऐकायला निष्ठुर वाटते. स्फोट झाला, पाच-सहा जण पडले, तर सगळ्यांत मोठ्याने ओरडणाऱ्याकडे आधी धावायचे नाही. तो ओरडतोय म्हणजे त्याची श्वासनलिका मोकळी आहे, छातीत हवा जाते-येते आहे, मेंदूला रक्त पोचते आहे. वेदना भयंकर असतील, पण त्याच्याजवळ थोडा वेळ आहे. जो हाकेला ओ देत नाही, नुसता पडून आहे, त्याच्याजवळ कदाचित तेवढाही नाही. आधी त्याच्याकडे जायचे.

आपली म्हण याच्या नेमकी उलट आहे. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, असे आपण म्हणतो आणि ते खोटे नाही. आवाज होतो तिकडे लक्ष जाते, ही माणसाची जातच आहे. कळवळाही बहुधा कानाच्याच वाटेने येतो. मेडिकला हा स्वभाव मोडावा लागतो आणि तो ऐन वेळी मोडत नाही. गोळीबार सुरू झाल्यावर कोणी नव्याने शहाणा होत नसतो. त्यामुळे त्याच्या करुणेला आधीपासून कवायत लागते. दिवसाची सुरुवात करताना मनात घोळवावे असे त्याच्या कामात काही असेल, तर ते हेच आहे.

मांडीतली मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस अवघ्या काही मिनिटांत जाऊ शकतो. तेवढ्या अवधीत मेडिक काय करतो ते पाहा. गुडघ्यांवर बसून तो जखमीच्या अंगाखालून हात फिरवतो आणि दर वेळी तळवा बाहेर काढून बघतो, लाल झालाय का. अंधार असेल तर ओल आणि ऊब यांवरून ओळखतो. जखमेच्या वरच्या बाजूला टूर्निकेटचा पट्टा ओढून घट्ट करतो आणि त्याची दांडी पिळत जातो. जखमी कळवळतो, शिव्या घालतो, हात झटकतो, कारण ते पिळणे फार दुखते. तरी थांबायचे नसते. रक्त थांबले की दांडी खाचेत अडकवायची आणि पट्टा किती वाजता आवळला ते तिथेच लिहून ठेवायचे. पुढच्या डॉक्टरला ती वेळ लागते. मग श्वास, मग छाती, मग नाडी. शेवटी अंगावर पांघरूण, कारण रक्त गेलेले शरीर उन्हाळ्यातही गार पडते आणि गार पडलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही.

हे सगळे आठवत बसायला सवड नसते. हातांना पाठ असावे लागते. या साऱ्यात कुठे हुंदका नाही, पाठीवरून फिरवलेला हात नाही. तरी पट्ट्यावर घाईघाईने लिहिलेली ती वेळ म्हणजे एका माणसाने दुसऱ्याची घेतलेली पुरेपूर काळजी आहे.

हा क्रम माणसाला सहज सुचलेला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातल्या लढायांत जखमी शिपाई बहुधा संध्याकाळपर्यंत तसाच पडून राही. औषधपाण्याच्या गाड्या लांब मागे उभ्या असत आणि तोफा थंडावल्यावर पुढे येत. उचलताना हुद्दा बघितला जाई. नेपोलियनच्या फौजेतला शल्यविशारद डोमिनिक लारे याने १७९०च्या दशकात घोड्यांच्या हलक्या गाड्या तयार करून घेतल्या आणि लढाई चालू असतानाच त्या जखमींपर्यंत नेल्या. ‘उडत्या रुग्णवाहिका’ हे नाव त्यांना तेव्हाच मिळाले. त्याचा दुसरा नियम अधिक धाडसाचा होता. ज्याची जखम जास्त धोक्याची त्याला आधी घ्यायचे, मग तो सरदार असो की साधा शिपाई. १८१२मध्ये बोरोडिनोच्या लढाईत त्याने एका दिवस-रात्रीत सुमारे दोनशे जणांचे हात-पाय कापून त्यांचे जीव वाचवण्याची धडपड केली. गुंगीचे औषध अजून आलेले नव्हते. त्या काळात वेगाने चालणारा हात हीच सर्वांत मोठी दया होती.

लारेचा तो नियम आज आंतरराष्ट्रीय कायद्यात आहे. १९४९च्या पहिल्या जिनिव्हा करारात म्हटले आहे की, जखमींवर उपचारांचा क्रम लावताना तातडीच्या वैद्यकीय कारणाखेरीज दुसरे कोणतेही कारण चालणार नाही. हुद्दा नाही, वंश नाही, धर्म नाही. आपला की शत्रूचा, हेही नाही.

हा नियम धाब्यावर बसवला की काय होते, याचा एक दाखला पुण्याचे नाव घेऊन उभा आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हिंदी फौजेची सहावी ‘पूना डिव्हिजन’ मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, बगदादच्या रोखाने निघाली होती. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी टेसिफोनला तुर्की फौजेशी गाठ पडली. चार हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली. मोहीम आखणाऱ्यांनी बगदादचा हिशेब केला होता, जखमींचा केला नव्हता. पुरेशा रुग्णवाहिकाच नव्हत्या. सामान वाहायच्या, स्प्रिंग नसलेल्या गाड्यांमध्ये मोडक्या हाडांची माणसे घातली आणि खाचखळग्यांतून नदीपर्यंत नेली. पुढे बोटींवर कोंबून बसऱ्याला.

बसऱ्याच्या धक्क्यावर एका रुग्णजहाजाची जबाबदारी इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर यांच्याकडे होती. ‘मेजिदिया’ ही बोट येताना त्यांना लांबून दिसली, तेव्हा तिच्या कडांवरून दोरखंड लोंबत असावेत असे वाटले. बोट जवळ आली तशी ती वाळलेली विष्ठा असल्याचे कळले. डेकवर माणसे इतकी खच्चून भरलेली की कुणाला जागचे हलताही येत नव्हते. मांडीचे हाड मोडलेल्या एकाच्या पायाला व्हिस्कीच्या खोक्याची फळकुटे बांधलेली होती. त्याच दिवसांत वर गेलेल्या तारांमध्ये मात्र जखमींची व्यवस्था समाधानकारक असल्याचे कळवले जात होते.

ती माणसे कण्हत नव्हती असे नाही. त्यांचा आवाज पोचण्याच्या वाटेवर कुणीतरी ‘समाधानकारक’ लिहून ठेवले होते. गप्प असणारे काही स्वतःहून गप्प असतात, काहींना कागदावर गप्प केले जाते. कार्टर यांनी जे पाहिले ते लिहून कळवले. वरिष्ठांनी त्यांना लुडबुड्या ठरवले, अटकेची धमकी दिली. ते हटले नाहीत. पुढे चौकशी आयोग नेमला गेला, त्याच्या अहवालाने १९१७मध्ये लंडनमध्ये खळबळ उडाली आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पद सोडावे लागले. कार्टर यांनी जखमींवर उपचार तर केलेच. पण त्यांचा तो लेखी वृत्तांत हाही एक उपचारच होता.

मेसोपोटेमियातल्या त्या अनास्थेच्या उलट टोकाला सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आहेत. मुंबईत डॉक्टर झालेल्या या तरुणापुढे रीतसर प्रॅक्टिसचा रस्ता मोकळा होता. १९३८मध्ये जपानच्या आक्रमणाखाली भरडल्या जाणाऱ्या चीनने मदत मागितली आणि काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवायचे ठरवले. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस. ज्या देशाची भाषा येत नाही, जिथे आपले कुणी नाही, तिथल्या जखमींची हाक सोलापूरपर्यंत ऐकू यायचे तसे काही कारण नव्हते. पथकातले तिघे यथावकाश परतले. वडील गेल्याची बातमी कोटणीसांना तिकडेच कळली, तरी ते थांबले. चिनी बोलायला, वाचायला शिकले. उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्गसेनेबरोबर फिरले. एका लढाईत त्यांनी तीन दिवस-रात्र न झोपता शस्त्रक्रिया केल्या.

तिथे त्यांच्या आधी नॉर्मन बेथ्यून या कॅनडाच्या डॉक्टरने काम केले होते. जखमी आपल्याकडे येण्याची वाट पाहू नका, तुम्ही त्यांच्याकडे जा, हा त्याचा आग्रह. आघाडीजवळ शस्त्रक्रिया करताना त्याच्या बोटाला कापले, विष अंगात भिनले आणि नोव्हेंबर १९३९मध्ये तो गेला. त्याच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाची धुरा १९४१मध्ये कोटणीसांकडे आली. रुग्णालय म्हणजे खेड्यातली घरे, हाताशी असेल ते सामान, आणि शत्रू जवळ आला की सगळे गुंडाळून हलायचे. या धामधुमीत ते शिकवतही होते. शेतकऱ्यांच्या पोरांतून त्यांना डॉक्टर आणि सहायक तयार करायचे होते, शस्त्रक्रियेवर पुस्तक लिहायलाही त्यांनी घेतले होते. मला वाटते, कोटणीसांचे मोठेपण त्या तीन जागरणांइतकेच या शिकवण्यात आहे. आपण स्वतः जखमींपर्यंत पोचलो, पण आपल्यानंतर कोण पोचणार, हा प्रश्न त्यांना पडला होता. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांना नेले. वय ३२. मुलगा अवघ्या काही महिन्यांचा होता.

स्वतंत्र भारताच्या लष्करी डॉक्टरांनीही पुढे असेच परक्या मुलखातले युद्ध पाहिले. १९५०च्या अखेरीस ‘६० पॅरा फील्ड अँब्युलन्स’ ही तुकडी लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली कोरियात पोचली. थोड्याच दिवसांत प्योंगयांग सोडून माघार घेण्याचा हुकूम आला आणि वाहने काही मिळेनात. शस्त्रक्रियेचे साहित्य टाकून जा, असे कुणीही म्हटले असते. पण साहित्याशिवाय वैद्यकीय तुकडी म्हणजे हळहळणाऱ्या माणसांचा घोळका. या जवानांनी एक वाफेचे इंजिन शोधून काढले, बादल्यांनी पाणी आणून त्यात भरले, सामान डब्यांत चढवले आणि पूल उडवला जायच्या आत गाडी दक्षिणेला काढली. त्यानंतर ही तुकडी कोरियात तीन वर्षांहून अधिक काळ राबली.

आणि डेस्मंड डॉस. शस्त्र हातात घेणार नाही, असा धर्मश्रद्धेपोटी निश्चय केलेला हा अमेरिकन मेडिक. १९४५च्या मे महिन्यात ओकिनावा बेटावर माएदाच्या कड्यावरून बाकीचे सैनिक मागे हटले, तेव्हा तो वर थांबला आणि एकेका जखमीला दोरीने खाली सोडत राहिला. किती जण? तो म्हणे पन्नास असतील, बाकीचे म्हणत शंभर. अखेर पंचाहत्तर या आकड्यावर तडजोड झाली आणि तोच सन्मानपत्रात गेला. त्यावर चित्रपटही निघाला.

मला मात्र त्याची त्यानंतरची एक रात्र अधिक महत्त्वाची वाटते. हातबॉम्बने त्याचेच पाय जखमी झाले होते. दुसऱ्या मेडिकला हाक मारली तर त्याला आडोसा सोडून यावे लागेल, म्हणून डॉसने स्वतःच पट्ट्या बांधल्या आणि स्ट्रेचरवाले येईपर्यंत पाच तास काढले. त्याला उचलून नेताना वाटेत हल्ला झाला. शेजारी आपल्याहून गंभीर जखमी त्याला दिसला. डॉस स्ट्रेचरवरून रांगत खाली उतरला आणि म्हणाला, आधी याला न्या. पुढे त्याच्या हातालाही गोळी लागली. तेव्हा जन्मात न उचललेल्या रायफलचा दस्ता त्याने मोडक्या हाताला आधार म्हणून बांधला. रांगेतला आपला नंबरही जखम बघूनच ठरवायचा, ही त्या नियमाची शेवटची आणि सर्वांत अवघड पायरी.

आणखी एक अवघड पायरी व्हेरा ब्रिटन या इंग्रज तरुणीने चढून दाखवली. १९१५च्या डिसेंबरात तिचा वाग्दत्त वर फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. १९१७मध्ये ती परिचारिका म्हणून फ्रान्समधल्या एताप्ल येथील लष्करी रुग्णालयात गेली, तर तिला नेमणूक मिळाली जर्मन जखमींच्या वॉर्डात. तिने त्यांच्या जखमा धुतल्या. ज्या फौजेने आपले माणूस नेले, तिचाच एक शिपाई खाटेवर पाणी मागतो आहे, तेव्हा मन काय सांगेल याचा भरवसा नसतो. अशा वेळी कामाची शिस्त मनाला हाताला धरून पुढे नेते.

पण या शिस्तीची किंमत आहे आणि ती लपवू नये. जखमींची वर्गवारी करताना एक गट असा असतो, की त्यांच्यावर उपचार सुरू केले तर बाकीचे दगावतील आणि ते बहुधा वाचणारही नाहीत. त्यांच्या वेदना कमी करायच्या आणि पुढे जायचे. हे पुस्तकात वाचायला सोपे आहे. पायदळातला मेडिक त्याच तुकडीत राहतो, जेवतो, झोपतो. समोर पडलेल्याच्या घरून आलेले पत्र त्याने परवाच ऐकलेले असते. त्याला ओलांडून तो दुसऱ्याकडे जातो, तो दुसरा वाचतो, त्याबद्दल मेडिकला पदकही मिळते. युद्धाहून परतलेल्या मेडिकांच्या आठवणींमध्ये मात्र मागे राहिलेला तो माणूस पुन्हा पुन्हा येतो. निर्णय बरोबर होता, हे समजावून सांगून तो चेहरा जात नाही. नियम माणसाला चुकीपासून वाचवतो, दुःखापासून वाचवू शकत नाही. आणि वाचवावे, अशी अपेक्षाही नसावी. ओलांडून जाताना ज्याला काहीच वाटत नाही, त्याच्या हाती वर्गवारी देणे धोक्याचेच.

आपल्या आर्मी मेडिकल कोअरचे ब्रीद एका प्रार्थनेतून घेतलेले आहे. सगळे निरोगी असोत, असे मागणारी ती प्रार्थना आपल्याकडे कित्येक घरांत रोज सकाळी म्हटली जाते. ‘सगळे’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे कोण असते? लारेचा नियम अमलात येऊन दोन शतके उलटली, तरी अपघात विभागात साहेबांचा फोन आलेला रुग्ण अजून पुढे सरकतो. ज्याच्यासोबत दहा जण आरडाओरडा करत आलेत, त्याच्याभोवती गर्दी होते, आणि बाकड्यावर एकटी बसलेली, पदराने तोंड दाबून धरलेली बाई तशीच राहते. वर्गात प्रश्न विचारणाऱ्या आणि दंगा करणाऱ्या मुलांत तास संपतो. तिसऱ्या बाकावरच्या मुलाने गेले पंधरा दिवस डबा आणलेला नाही, हे शेजारच्या पोराला माहीत असते, बाईंना नसते. घरातही ज्याचे ‘माझं काय, बरं चाललंय’ हे उत्तर ठरलेले असते, त्याला आपण तो प्रश्नच विचारायचे सोडून देतो.

यात दुष्टपणा फारसा नसतो. आवाजाकडे धावण्यातच दिवस संपतो, एवढेच. म्हणून चांगुलपणावर विसंबून भागत नाही, सवय लावावी लागते. मेडिक जसा प्रत्येकाच्या अंगाखालून हात फिरवून तळवा बघतो, तसे आपल्यालाही ठरवून बघता येते. ज्याच्याकडून बरेच दिवस काही ऐकले नाही, त्याला आज आधी फोन. ज्या कागदावर ‘समाधानकारक’ लिहिले आहे, त्यावर सही करण्याआधी एक चक्कर. आणि आपण स्वतः ओरडणाऱ्यांत असू, तर शेजारी कोण पडले आहे ते मान वळवून पाहणे.

मेडिकला कुणाला तरी ओलांडून जावे लागते, कारण त्याच्या हाती मिनिटे मोजकी असतात आणि वरून गोळ्या येत असतात. आपल्याला गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि हाती अख्खा दिवस आहे. तेव्हा कुणी गप्प माणूस आज आपल्याकडून राहून गेला, तर वेळच नव्हता, ही सबब त्या जवानाला शोभेल, आपल्याला नाही.